तापाच्या वॉर्डातलं गाठोडं

माझा भाऊ खोटारडा नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकायचं की उठून जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आळशी आहे, बडबड्या आहे, इस्त्रीवर उभं केलं की निम्मा वेळ खिडकीतून बाहेर बघत बसतो, सगळं कबूल. पण खोटं बोलायला डोकं लागतं, आणि तेवढं त्याला देवानं दिलेलं नाही. मी त्याची थोरली बहीण, मीच त्याला लहानाचा मोठा केला. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?

आमची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मागे भट्टी आणि हौद, वर माळ्यावर आम्ही राहतो. मी, भाऊ आणि भावजय. हॉस्पिटलच्या चादरींचं काम वडिलांपासून आमच्याकडे. रोज सकाळी जायचं, मळक्या चादरींची गाठोडी खांद्यावर टाकून आणायची. त्यात तापाच्या वॉर्डातलं गाठोडं वेगळं असतं. त्याला लाल पट्टी बांधतात. ती पट्टी दिसली की माणसं भिंतीला चिकटून उभी राहतात आणि आम्हाला वाट देतात. आमचा भाऊ लहानपणी मुद्दाम लाल पट्टी खांद्यावर टाकून बाजारात जायचा, गर्दीत धक्के लागू नयेत म्हणून. त्यासाठी त्यानं वडिलांचा मारही खाल्लेला आहे.

वडिलांनी धंद्याचं एकच शिकवलं. गिऱ्हाईक काउंटरवर कुरकुरत आलं की वाद घालायचा नाही. ‘हा डाग तुम्ही पाडलात’ म्हणालं, तर आधी ‘हो’ म्हणायचं. डाग त्याच्या सात पिढ्यांपासूनचा असला तरी ‘हो’. मग कपडा मागे न्यायचा आणि गुपचूप काढून द्यायचा. पुढे ‘हो’, मागे साबण. या एका गोष्टीवर आमची लाँड्री चालली आणि शेजारच्या दोन बंद पडल्या. मला ते ‘हो’ इतकं अंगवळणी पडलंय की भावजय म्हणते, वन्सं, तुम्ही झोपेतसुद्धा ‘हो हो, देते काढून’ म्हणता.

आता मास्तरांचं सांगते. तुम्ही त्यांना ज्या नावानं ओळखता ते नंतरचं. तेव्हा ते मास्तर होते, रात्रशाळेत शिकवायचे. सरकारला ते नको होते, आणि लोकांना तेच हवे होते. त्यांच्या डोक्यावर बक्षीस लागलं होतं. तेव्हा खोट्या नावानं ते आमच्या हॉस्पिटलात तापाच्या वॉर्डात पडून होते, आणि ताप मात्र खरा होता. एका सकाळी आम्ही दोघं चादरी आणायला वर गेलो, आणि खाली सैन्याच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी चुगली केली होती.

वॉर्डातल्या नर्सबाईंनी माझा हात धरला. एवढी कडक बाई, पण ‘काहीतरी करा गं,’ म्हणाली. मला काही सुचेना. सुचलं ते आमच्या बिनडोक भावाला. त्यानं चादर अंथरली, मास्तरांना उचलून तीत ठेवलं, वर आणखी चादरी कोंबल्या, गाठ मारली आणि लाल पट्टी बांधली. मास्तर मुटकुळं करून आत बसले आणि रडायला लागले. हो, रडायला लागले. अहो, ताप होता, मरण दारात होतं, कुणीही रडेल. मी तर बाहेर असून रडत होते.

भावानं ते गाठोडं पाठीवर घेतलं आणि जिना उतरला. मी पुढे. फाटकाशी एका सैनिकानं बंदुकीची नळी आडवी केली. ‘काय आहे?’ भाऊ म्हणाला, ‘ताप.’ तेवढ्यात गाठोडं शिंकलं. आणि आमच्या या येड्यानं लगेच स्वतः अशी सटासट शिंकायला सुरुवात केली, नाक गळेपर्यंत, की तो सैनिक चार पावलं मागे सरकला आणि ओरडला, ‘चालते व्हा!’ आम्ही चालते झालो. मास्तरांना माळ्यावर लपवलं, अंगात ताप होता तोवर भावजयीनं पेज पाजली, आणि मग ते एका रात्री निघून गेले. जाताना भावाचे दोन्ही हात धरून म्हणाले, ‘तुला विसरणार नाही.’ भावाची पाठ त्यानंतर कधी सरळ झाली नाही, पण तक्रार करेल तर शपथ. उलट म्हणायचा, ‘माझ्या पाठीवर देश होता, ताई. जडच असणार.’

पुढे मास्तर जिंकले. खुर्चीवर बसले. आम्ही भट्टीपाशी नाचलो, खोटं कशाला बोलू?

सुरुवातीला भाऊ ही गोष्ट सगळ्यांना सांगायचा आणि लोक पोट धरून हसायचे, आणि मास्तरांवर जास्तच प्रेम करायचे. मग हळूहळू दुसरी गोष्ट आली. कुठून आली देव जाणे. मास्तरांच्या सुटकांचं पुस्तक निघालं. गोळी सुटली आणि मास्तर नेमके बुटाची नाडी बांधायला वाकले. सूपमध्ये विष घातलं आणि ते आधी मांजरानं प्यालं. गाडीत बॉम्ब होता आणि मास्तर चष्मा विसरले म्हणून घरात परत गेले. त्या असतीलही खऱ्या, मी काही तिथे नव्हते. पण आमच्या हॉस्पिटलातून म्हणे त्यांनी तिसऱ्या मजल्यावरून उडी मारली, खाली दोन सैनिकांना लोळवलं, आणि त्यांचीच गाडी घेऊन गेले. शाळेच्या पुस्तकात धडा आहे. धड्याखाली प्रश्न आहे, ‘ही उडी चुकली असती तर इतिहास कसा बदलला असता?’ पोरं उत्तर पाठ करतात.

हॉस्पिटलच्या आवारात पुतळाही बसला. हात पसरलेले मास्तर, हवेत. भाऊ बघून आला आणि हसत हसत म्हणाला, ‘ताई, झकास केलाय. फक्त मला कुठे जागाच नाही ठेवली.’ हसला, पण जेवला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

झालं ते असं. भाऊ चादरी घेऊन आवारातून निघाला होता. पुतळ्यापाशी बाहेरगावची मंडळी उभी होती आणि एक माहितगार त्यांना उडीचं वर्णन करून सांगत होता. आमच्या शहाण्यानं गाठोडं खाली ठेवलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! म्हणाला, ‘उडी नव्हती हो. माझ्या पाठीवर होते. आणि रडत होते बिचारे.’ प्रेमानं म्हणाला हो. ‘बिचारे’ म्हणाला. त्याच दुपारी दोघं आले आणि त्याला इस्त्रीवरून उठवून घेऊन गेले. इस्त्री तशीच राहिली, कुणाचा तरी सदरा जळला.

ठाण्यातला फौजदार वाईट नव्हता, हेच वाईट होतं. वाईट असता तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, ‘मावशी, मी काय करू सांगा. त्याला म्हटलं, चार लोकांसमोर म्हण, मी थाप मारली. लगेच सोडतो. तो म्हणतो, नाही म्हणणार.’

‘मी बोलते त्याच्याशी,’ म्हटलं.

‘बोला. पण लवकर. उडीचा वर्धापन दिन झाला की असल्या लोकांना खाणीवर पाठवणार आहेत. वरून हुकूम आहे.’

खाणीवर म्हणजे काय ते आमच्या गल्लीला माहीत आहे. कोपऱ्यावरच्या चांभाराचा मुलगा गेला होता. चांभार अजून रोज त्याच्या चपलांना पॉलिश करून ठेवतो.

मी गजाआडून भावाला शिव्या घातल्या. रडले. हात जोडले. म्हटलं, ‘अरे दोन शब्दांचा प्रश्न आहे. मी नाही रोज काउंटरवर पन्नास वेळा खोटं ‘हो’ म्हणत?’

तो म्हणाला, ‘ताई, ते चादरींचं. मी आयुष्यात एकच मोठं काम केलं. बाकी सगळ्या चादरीच. ते एकही नाही केलं म्हणू?’

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरी आले तर भावजय जिन्यावर बसलेली. तिनं विचारलंसुद्धा नाही. माझं तोंड बघितलं आणि उठून भट्टीत लाकूड घातलं.

त्या दिवसांत माझ्या डोक्यात नको ते यायचं. त्या पुस्तकातला प्रश्न यायचा. मी त्या सकाळी गाठ मारू दिली नसती तर? ते शिंकले तेव्हा आमच्या भावाला शिंकायचं सुचलं नसतं तर? मास्तर तिथेच गेले असते, खुर्चीत दुसराच कुणी बसला असता, पुतळा दुसऱ्याचा झाला असता. माझा भाऊ घरी असता. मग वाटायचं, त्या दुसऱ्यानंही कुणाचा तरी भाऊ नेलाच असता, आणि त्याची बहीण आज माझ्यासारखी चुलीपुढे बसली असती. त्यानं माझं समाधान व्हायचं नाही. दुसरीचा भाऊ गेला असता तर मला चाललं असतं, हे खरं सांगते. माणूस असाच असतो.

नर्सबाई आता म्हाताऱ्या झाल्यात, मोठ्या मेट्रन आहेत. त्यांच्याकडे गेले. म्हटलं, बाई, तुम्ही होतात, तुम्ही सांगा. त्यांनी दार लावलं आणि म्हणाल्या, ‘मला काही आठवत नाही गं.’ गरज सरो, वैद्य मरो! मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या अगदी हळू म्हणाल्या, ‘खुर्चीवरचे साहेब दर महिन्याला तपासणीला इथे येतात. परवा येतील. खोलीतल्या चादरी बदलायला मी तुला आत पाठवू शकते. त्यापुढे माझा संबंध नाही.’ मी त्यांच्या पाया पडले. शिव्या देणार होते आणि पाया पडून आले.

परवा आला. मी धुतलेल्या चादरी छातीशी धरून खोलीत गेले. पलंगाच्या कडेला मास्तर बसले होते. किती लहान झाले होते हो! सदरा काढलेला, बरगड्या दिसत होत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते. एका पायात मोजा, एक पाय उघडा. खिडकीशी त्यांचा चिटणीस उभा होता, कडक इस्त्रीचा माणूस. मास्तरांनी मला पाहिलं, डोळे बारीक केले आणि एकदम म्हणाले, ‘लाँड्रीवाली! तू लाँड्रीवाली ना?’

माझा जीव भांड्यात पडला. ओळखलं! मी मनात म्हटलं, सुटला माझा भाऊ. ‘हो मास्तर,’ म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांना मास्तर कुणी म्हटलं नसावं. ते लहान मुलासारखे हसले.

‘त्या दिवशी तू इथे होतीस.’

‘हो मास्तर.’

‘काय उडी होती ती!’ ते म्हणाले. ‘तू पाहिलीस?’

आता बघा. मी विचार केला असता तर थांबले असते. पण विचार करायला वेळ कुठे होता? काउंटरपलीकडे गिऱ्हाईक बोललं आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, ‘हो.’ वर आणखी मीच म्हटलं, ‘खालीच उभी होते मी. डोळ्यांनी पाहिली.’ वाटलं, आधी पुढे ‘हो’ म्हणू, खूश करू, मग मागे नेऊन हळूच भावाचं काढू. आयुष्यभर हेच केलं होतं, कधी चुकलं नव्हतं.

मास्तरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘इतकी वर्षं मी शोधतोय,’ म्हणाले. ‘पाहिलेलं एक माणूस मिळत नव्हतं. सगळे म्हणतात उडी मारली, पण कुणी पाहिली नाही. आणि मला... मला वेगळंच काहीतरी आठवतं गं. झोपेत. मी कुठेतरी बांधलेला असतो. अंधार असतो. श्वास कोंडतो, औषधाचा वास येतो. आणि कुणीतरी मला घेऊन चाललेलं असतं. त्याची पाठ गरम लागते. मी हाक मारतो, पण त्याचं तोंड दिसत नाही. डॉक्टर म्हणतात स्वप्न आहे. स्वप्नच ना ते?’

अहो, काय सांगू तुम्हाला! ती माझ्या भावाची पाठ होती. तोंडावर आलं होतं माझ्या. पण आत्ताच तर मी खाली उभी होते ना! डोळ्यांनी पाहिलं होतं ना! चिटणीस खिडकीपासून दोन पावलं जवळ आला होता आणि माझ्याकडे एकटक बघत होता. मास्तर तोंड वर करून माझ्या उत्तराची वाट बघत होते.

‘स्वप्नच असणार, मास्तर,’ मी म्हटलं.

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी घाईघाईनं म्हटलं, ‘मास्तर, माझा एक भाऊ आहे. तो ठाण्यात आहे. भोळा आहे, त्याला सोडवा. तुमच्या पाया पडते.’

चिटणीस मध्येच म्हणाला, ‘साहेब, हा तो. पाठीवरून नेलं म्हणणारा.’

मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुझा भाऊ? मग तो असं का सांगतो? तू तर तिथे होतीस. तुला तर खरं माहीत आहे.’ त्यात राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. मी उत्तर देईपर्यंत डॉक्टर आत आले आणि चिटणिसानं मला बाहेर काढलं.

बाहेर तो फार गोड बोलला. ‘बाई, वर्धापन दिनाला तुम्ही बोलायचं. प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस! साहेबांची इच्छा आहे. तेवढं करा, भावाचं मी बघतो.’

बघतो म्हणाला. मी त्याला धरून बसले. बुडत्याला काडीचा आधार. भावजयीला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘वन्सं, बोला. काय हवं ते बोला. ते घरी येऊ देत.’

मी बोलले. पुतळ्याखाली, भोंग्यासमोर, एवढ्या गर्दीपुढे. माझ्यासाठी नवं लुगडं आणलं होतं त्यांनी. आवाज कापत होता, त्याचं लोकांना कौतुक वाटलं. मी खिडकी दाखवली, उडी दाखवली, सैनिक कसे पडले ते सांगितलं. टाळ्या थांबेनात. मास्तर पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होते आणि मान हलवत होते, जणू त्यांनाच सगळं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिटणिसाच्या कचेरीत. म्हटलं, माझा भाऊ?

तो म्हणाला, ‘अहो, तुमच्यामुळे तर सगळं सोपं झालं. आधी उडी पाहिलेलं कुणी नव्हतं, कदाचित वेडा म्हणून सोडावा लागला असता. आता सख्खी बहीणच सांगते की त्याचं खोटं आहे. काल संध्याकाळीच निकाल लागला. खाणीवर.’

मी काय केलं असेल? टेबल उलथं केलं? ओरडले? काही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड माझं मीच दाबलेलं. आता ‘मी खोटं बोलले’ म्हटलं तर मीही आत, आणि भावजय एकटी त्या भट्टीपाशी. मी जिना उतरले. खालच्या शिपायानं मला ओळखलं, उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘काय बोललात तुम्ही, मावशी! अंगावर काटा आला.’

निघायच्या आदल्या दिवशी भेटू दिलं. मी एकटीच गेले. भावजय माझ्याबरोबर यायला तयार नव्हती, आणि तिला काही म्हणायला मला तोंड नव्हतं. गजाआड भाऊ उभा होता. केस कापलेले, कान मोठे दिसत होते. माझ्या शेजारी शिपाई, कान देऊन. मला वाटलं, भाऊ शिव्या देईल, थुंकेल. तेच बरं, असं वाटत होतं.

तो म्हणाला, ‘ताई, इथे भोंगा ऐकू येतो. ऐकलं मी तुझं.’

मी गजाजवळ सरकले.

‘छान बोललीस,’ म्हणाला. टोमणा नव्हता तो. मी त्याला ओळखते, त्याला टोमणे येत नाहीत. लहानपणापासून मी सांगेन ते त्याला खरं वाटत आलं. आई वारली तेव्हा परगावी गेलीय म्हटलं, तर कितीतरी वर्षं तो वाट बघत होता. त्यानं गज धरले. मग म्हणाला, ‘तू खाली उभी होतीस. मास्तरांनी वरून उडी मारली. बरं. मग मी कुठे होतो गं, ताई?’

शिपाई माझ्याकडे बघत होता.

‘तू घरी होतास,’ मी म्हटलं. ‘झोपला होतास.’

‘झोपलो होतो?’

‘हो.’

त्यानं मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी भरलं, पण आवाज साधाच होता. ‘मग मला उठवलं का नाहीस?’ म्हणाला. ‘एवढं सगळं चाललं होतं, आणि मला उठवलं नाहीस.’

‘गाढ झोपला होतास रे,’ मी म्हटलं. ‘उठवावंसं वाटलं नाही.’